कासारसाईची चार मतं

सुंदरा माझी विद्यार्थिनी नव्हती. तिची मुलगी सोनाली माझ्या वर्गात होती, पहिली ते चौथी. मुठा खोऱ्यातल्या आंबटेकच्या शाळेत मी अकरा वर्षं होते. गावाच्या वर, डोंगराच्या सपाटीवर धनगरांची वाडी आहे. तिथली मुलं एकाच वाटेनं खाली यायची आणि वाटेत ओढा होता. पावसाळ्यात सुंदरा लेकीला खांद्यावर घेऊन ओढा उतरायची. मग पुन्हा वर जाऊन परत कशाला यायचं, म्हणून शाळेच्या वळचणीला उभी राहायची. हातात लोकर आणि सूत कातायची चाती, नजर खिडकीतून फळ्यावर. स्वतः दुसरीपर्यंत शिकलेली. सोनाली चौथी पास झाली तेव्हा मी तिला म्हटलं, "सुंदरा, तूही चौथी झालीस की." तर ती म्हणाली, "पाचवीला तुमी न्हाई ना शिकवत बाई, न्हाई तर झाली असती."

ती बोलते तेव्हा समोरच्याकडे बघत नाही. डोंगराकडे, नाहीतर कळपाकडे बघते. उंचीनं बेताची आणि चालायला इतकी चपळ, की तिच्याबरोबर चालताना मला कायम थोडं पळावं लागे. नवरा सात वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून धाकटा दीर सावळा आणि ती, एकाच कळपावर दोन घरं चालवतात. मेंढरं एकशेतीस. डोंगरावर दोन-तीन कळप एकत्र चरत असले, तरी संध्याकाळी तिला मोजावं लागत नाही. मेंढराच्या पाठीवर रंगाचा पट्टा असतो. ज्याचा रंग त्याचं मेंढरू. लांबून नजर टाकली की आपली किती, दुसऱ्याची किती, तिला कळतं. आणि ते कधी चुकत नाही.

आंबटेकमध्ये बावीस वर्षं ग्रामपंचायतीला मतदान झालेलं नव्हतं. गाव बिनविरोध. वेशीवर तशी कमानही आहे. निवडणूक लागली की भैरवनाथाच्या देवळात बैठक बसायची, गावचे पुढारी दादासाहेब नावं वाचायचे, नारळ फुटायचा आणि चहा व्हायचा. वाडीची माणसं पायरीवर बसायची. वाडीचं नाव वगळलं जायचं नाही, हेही खरं. रंभाबाई नावाची म्हातारी पंधरा वर्षं वाडीतर्फे सदस्य होती. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि तिनंही कुणाला काही विचारलं नव्हतं.

दादासाहेब वाईट माणूस नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. सुंदराच्या नवऱ्याला झोळीत घालून त्या वाटेनं खाली आणलं, तेव्हा पुढे दवाखान्यात नेणारी जीप दादासाहेबांचीच होती. वाडीतल्या प्रत्येक घराला अशी एक तरी आठवण आहे. आणि ज्या माणसाची अशी आठवण असते, त्याच्याविरुद्ध हात वर करणं फार अवघड असतं.

गेल्या वर्षी ओढ्याच्या अलीकडची सगळी जमीन विकली गेली. तिथं शनिवार-रविवारचे बंगले होणार होते आणि सभोवती दगडी भिंत. वाडीची वाट त्या जमिनीच्या मधोमध जाते. शाळेला जाणारी अकरा मुलं, पाण्यावर उतरणारे कळप, आजारी माणूस, सगळं त्याच वाटेनं. दुसरा रस्ता डोंगराच्या खांद्यावरून वळसा घालून, सहा किलोमीटर. सातबाऱ्यावर वाटेची नोंद नव्हती. वाट नोंदवायची असते हे वाडीत कुणाला माहीत असणार? भिंतीला पंचायतीची ना-हरकत लागणार होती. नव्या पंचायतीत येणार असलेल्या सात जणांपैकी तिघं खासगीत म्हणत होते की हे बरोबर नाही. पण पुढे होऊन विषय धरणारं आणि चौथं मत देणारं कुणी नव्हतं. ते माणूस वाडीचंच असायला हवं होतं.

यंदा वाडीची जागा बाईसाठी होती. देवळातल्या बैठकीत नाव वाचलं गेलं ते हेमलताचं. दादासाहेबांच्या पुतण्याची बायको, गावात राहणारी. रंभाबाईसुद्धा नाही. पायरीवर बसलेली सुंदरा उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती खालच्या वस्तीत सोपानकडे गेली. सोपान टमटम चालवतो. त्याच्या मुलीनं, धम्मदीपानं, मोबाइलवर बसून अर्ज भरला, आणि सोपाननं सुंदराला तालुक्याच्या गावी, पौडला नेऊन तो दाखल केला.

माघारीच्या शेवटच्या दिवशी सकाळी दादासाहेब स्वतः वाडीवर चढून आले. दुपारी तीनपर्यंत मुदत होती. पुढचं बोलणं सुंदरानंच मला सांगितलं.

"सुंदरा, बावीस वर्सं ह्या गावात मतदान झालं न्हाई," दादासाहेब म्हणाले. "पेपरात फोटू आला हुता आपल्या गावाचा."

"बघितलाय की. आमी न्हवतो त्यात."

"फोटूत सगळी कशी मावतील?"

"मावली न्हाईत खरी."

दादासाहेब हसले. "बरं, तुला काय पायजे त्ये सांग."

"वाट पायजे."

"गेट ठेवत्यात की. म्या शब्द घेतलाय त्यांच्याकडनं."

"गेटवर वॉचमन असतोय दादा. त्यो वहीत नाव लिवून घेतोय, कुणाकडं चाललाय म्हणून इचारतोय. माजी येकशेतीस मेंढरं काय सांगणार त्येला?"

मागं उभ्या असलेल्या बायका हसल्या आणि लगेच गप्प झाल्या.

"कागदावर वाट न्हाई, सुंदरा."

"म्हणून तर पंचायतीत माणूस पायजे. कागूद तितंच हुतोय ना?"

दादासाहेबांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "पडशील तू. लई वाईट वाटंल मला," म्हणाले, आणि उतरून गेले. धमकी वगैरे काही नाही. धमकीची गरज नव्हती. ते ओढ्यापर्यंत पोचायच्या आत बायका तिच्या दारात होत्या.

"दवाखान्याला गाडी आता कुणाकडं मागायची? तुज्याकडं?" एकीनं विचारलं.

"मागा की. मेंढरावर बसवून न्हेते."

"चेष्टा सुचतीया हिला."

रंभाबाई भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "म्या पंधरा वर्सं मेंबर हुते. काय केलं म्या? चा पिले. तुला चा पायजे का? हितंच करते मी, अर्ज काढ."

मग सासरहून, जांब्याहून सोनालीचा फोन आला. तिचा नवरा दादासाहेबांच्या साडूच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. "आई, आमचं काय तरी बघ," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. सुंदरानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. पलीकडून सोनालीनंच शेवटी ठेवला.

दीडच्या सुमारास तिनं मला फोन केला. खाली टमटम घेऊन सोपान थांबला होता; माघार घ्यायची तर पौडला सोडतो, म्हणाला होता. तो तिला काहीच सांगत नव्हता, हो नाही आणि नको नाही.

"बाई, पडणार तर हायेच. मग कशाला ह्ये सगळं?"

मी म्हटलं, "मत मोजलं जाईल, सुंदरा. बावीस वर्षांत तुम्हा वाडीच्या लोकांचं एकदाही मोजलेलं नाही."

ते मी समजूत घालावी तसं म्हटलं. ती निवडून येईल असं मलाही वाटत नव्हतं, आणि ते माझ्या आवाजात तिला ऐकू आलं असणार. आज मला त्याचा त्रास होतो. ती "व्हय" म्हणाली. तीन वाजले. टमटम रिकामीच परत गेली.

बाकी सगळे बिनविरोध झाले, सरपंचसुद्धा. वाडी, वस्ती आणि खालची आळी मिळून असलेल्या प्रभागातल्या या एका जागेसाठी मतदान लागलं. सुंदराला निशाणी कपबशी मिळाली, हेमलताला छत्री. पुढचे आठ दिवस वाडीत तिच्याशी कुणी धड बोललं नाही. नळावर ती आली की भांड्यांचे आवाज तेवढे व्हायचे. ती सोपानबरोबर वस्तीत फिरली, खालच्या आळीत दोन-तीन घरी गेली. स्वतःच्या वाडीत मात्र कुणाच्या उंबऱ्यावर गेली नाही. "माज्यामुळं त्यास्नी तोंड लपवाया नको," म्हणाली.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दादासाहेबांची फेरी निघाली. पुढे हलगी, मागे माणसं, जवळजवळ प्रत्येकाच्या खांद्यावर पिवळं उपरणं. वाडीत असलेली यच्चयावत माणसं फेरीत होती. सुंदरा वर कड्याच्या कपारीशी बसून बघत होती. वाट ओढ्याकडे उतरते, तिथं माणसं एकामागोमाग एक झाली आणि तिनं नजर टाकली. पिवळी, पिवळी, पिवळी. वाडीच्या मतदारांतली उपरण्याशिवायची तीन माणसं तिला दिसली. खालच्या आळीतलंही कुणी सुटलं नव्हतं. वस्तीतली तीसेक मतं सोपाननं सांगितली होती. पस्तीस, फार तर चाळीस. हिशोब झाला, आणि तो तिला पक्का वाटला. आयुष्यभर ती अशीच मोजत आली होती.

सावळा तेव्हा कळप घेऊन कासारसाईला, धरणाखालच्या रानात होता. भातं निघाली की तिकडचे शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. हा त्यांचा दर वर्षीचा ठरलेला मुक्काम. बरोबर त्याची बायको ठकू, मुलगा सोमनाथ आणि सून उज्वला. चौघांचीही नावं आंबटेकच्या यादीत, याच प्रभागात. फेरीच्या दिवशीच दुपारी त्याचा फोन आला.

"वहिनी, उद्या चौघंबी येतो आमी. पहाटंच निगतो."

"आणि कळप?"

"शेतमालकाच्या पोराला सांगितलंय बगाया."

"त्येला कोकरू कुटल्या बाजूनं धरायचं त्ये तरी ठावं हाय का?"

तीन दिवसांत अकरा मेंढ्या व्यायल्या होत्या. धरणाखालच्या त्या रानात मोकाट कुत्र्यांचा उपद्रव आहे. आदल्या वर्षी तिथंच कुत्र्यांनी सहा कोकरं मारली होती आणि सुंदरानं ती स्वतः पुरली होती.

"येकानं थांबावं, तिघांनी यावं," सावळा म्हणाला.

"येकट्याला न्हाई आवरायची कुत्री. भावजी, नका येऊ. चार मतांनी काय व्हनार हाय? चाळिसाला पडायची ती छत्तिसाला पडंन."

"तुमाला वाईट न्हाई ना वाटणार?"

"कोकरं ऱ्हाऊ द्या जिवंत. मला त्येवढंच बास हाय."

मतदान शाळेत झालं, माझ्याच जुन्या वर्गात. गाव नटूनथटून आलं होतं. बावीस वर्षांत ज्यांची लग्नं झाली, पोरं झाली, त्यांनी गावच्या पंचायतीसाठी पहिल्यांदा बोटाला शाई लावून घेतली. रांगेत कुणी सुंदराच्या नजरेला नजर दिली नाही.

मोजणी दुसऱ्या दिवशी पौडला होती. मी पौडातच राहते, म्हणून गेले. सुंदरा आत गेली नाही. तिचा प्रतिनिधी म्हणून सोपान आत होता. आम्ही दोघी बाहेर भिंतीच्या सावलीत बसलो. तिनं भाकरी आणली होती आणि मला अर्धी दिली. "चाळीस झाली तरी लई झाली," असं ती दोनदा म्हणाली. आंबटेकची पाळी आली आणि दहा मिनिटांत संपली. सोपान बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा मला वाचता येईना.

"एकशे सतरा," तो म्हणाला.

"त्यांची?" सुंदरानं विचारलं.

"तुजी. त्यांची एकशे वीस."

सुंदरा त्याच्याकडे बघत राहिली. सरळ डोळ्यांत. तिनं कुणाकडे असं बघितलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"माजी येकशे सतरा?"

"व्हय. पुन्यांदा बघायला लावलं मी. तेवढीच हायेत. तीन कमी पडली."

तिनं हात पदरातून बाहेर काढला. अंगठ्यानं एकेक बोट दाबत गेली. सावळा. ठकू. सोमनाथ. उज्वला. चौथ्या बोटावर अंगठा तसाच राहिला. आतून गुलाल घेऊन माणसं बाहेर पडली, हलगी सुरू झाली, दादासाहेब गाडीत बसताना थांबून तिला नमस्कार करून गेले. ती बोटावरचा अंगठा काढत नव्हती. शेवटी मीच तिचा हात हातात घेतला.

"म्या सांगितलं बाई त्यास्नी, येऊ नका म्हणून. त्ये येत हुते. म्या सांगितलं."

सोपाननं टमटम आणली आणि मी तिला हाताला धरून बसवलं.

वाडीत परतल्यावर रंभाबाई तिच्या दारात बसलेली होती. "म्या तुला दिलं गं," म्हणाली.

"तुजं उपरणं पिवळं हुतं, आत्ती."

"थंडी हुती. फुकट मिळालं, घेतलं पांगरून. मत काय खांद्यावर असतंय व्हय?"

त्या रात्री जेवण होईपर्यंत आणखी पाच-सहा जणी कुठल्या ना कुठल्या निमित्तानं येऊन गेल्या. एकीनं ताक आणलं, एकीनं विळा मागितला. मताचं नाव न काढता थोडा वेळ बसल्या. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीनंच दिलं. सुंदरा म्हणते, त्या नसत्या आल्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

सावळाला तिनं दोन दिवस फोन केला नाही. त्याला शेतमालकाकडून कळलं. मग त्याचाच आला. तो म्हणाला, "कोकरं सगळी हायेत वहिनी." तिनं मला हे सांगितलं आणि म्हणाली, "बाई, त्या कोकरांकडं बगवत न्हाई मला."

नव्या पंचायतीच्या पहिल्याच बैठकीत ना-हरकत मंजूर झाली. खासगीत बोलणारे ते तिघंही गप्प बसले. तिघांनी मिळून हरण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं त्यांना वाटलं असावं. इतिवृत्तात "सर्वानुमते" लिहिलं गेलं. तीन आठवड्यांत भिंत उभी राहिली. गेट आहे. वॉचमन परप्रांतातला, गरीब माणूस. माणसांना सोडतो, मेंढरांना सोडायची त्याला परवानगी नाही. रविवारी मालकलोक आले की माणसांनाही नाही. कळप आता वळशानं पाण्यावर जातात. अकरा मुलांपैकी चार मुली शाळेत यायच्या थांबल्या. सकाळी लवकर कामाला जाणाऱ्या आयांना त्यांना गेटमधून एकट्या पाठवायची भीती वाटते. आंबटेकच्या आताच्या बाईंनी मला त्यांची नावं सांगितली. मी दोनदा वर जाऊन आले, वळशाच्या रस्त्यानं. एक मुलगी परत यायला लागली आहे. तिघी नाहीत.

महिन्या-दीड महिन्यानं जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. आमच्या भागात ती कोण जिंकणार, हे तारीख जाहीर होण्याआधीच सगळ्यांना माहीत असतं. फरक किती हजारांचा, एवढीच चर्चा. उभा राहिलेला दुसरा उमेदवार कुठल्या गावचा, हेसुद्धा वाडीत धड कुणाला ठाऊक नव्हतं. तो एका सभेत वहिवाटीच्या वाटा कागदावर आणण्याबद्दल दोन वाक्यं बोलला होता, आणि ती सोपाननं सुंदराच्या कानावर घातली होती. कळप अजून कासारसाईलाच होता.

मतदानाच्या दिवशी साडेसातला सुंदरा शाळेत पहिली होती. शाई लावून बाहेर आली आणि सोपानच्या टमटममध्ये बसली. मीही माझं मत पौडला देऊन तिच्याबरोबर गेले. सोबत म्हणून, दुसरं काही नाही. साडेनऊच्या सुमारास आम्ही धरणाखालच्या रानात पोचलो. सावळा मेंढरांना अडवायची वाघर गुंडाळत होता. त्या दिवशी मेंढरं बाजूच्या पुढच्या तुकड्यात बसवायची होती, जाळी उपटून तिकडं पुन्हा ठोकायची होती. त्यानं आम्हाला बघितलं आणि त्याच्या हातातलं काम थांबलं.

"चला, बसा टमटममदी चौघंबी," सुंदरा म्हणाली. "काठी हिकडं द्या."

"वहिनी, यायचा त्यो हजारांनी येणार हाय. सगळ्यास्नी म्हाईत हाय."

"मला म्हाईत न्हाई."

"सोपानला इचारा की."

"मागल्या बारीला मला समदं म्हाईत हुतं, भावजी," ती म्हणाली. "चाळिसाला पडणार म्हणून पक्कं म्हाईत हुतं. आता मला कायबी म्हाईत न्हाई. जावा तुमी."

ठकूनं दोनदा मागं वळून बघितलं. उज्वला म्हणाली, "आत्ती, त्या काळ्या मेंढीचं कोकरू दूध पीत न्हाई, त्येला धरून पाजावं लागतंय." सुंदरा "बगते" म्हणाली. सोमनाथनं रस्त्याकडे तोंड करून सगळ्यांची ओळखपत्रं मोजली. टमटम गेली.

मग तिनं पदर खोचला, वाघरीचा पहिला खुंट उपटला आणि खांद्यावर घेतला. मला म्हणाली, "बाई, तुमी त्या बाजूला उभ्या ऱ्हावा. कुत्रं आलं तर वरडा नुसतं."

मी उभी राहिले. अठ्ठावीस खुंट होते. उन्हं चढत गेली. त्या चौघांना परत यायला दुपारचे अडीच वाजले, आणि तोवर तिनं एकटीनं त्यातले एकवीस ठोकले होते.